दीड फुटी शब्द आणि दीडशहाणी नात

ताई,
मी अमरावती जिल्ह्यातली. मृदाशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि आता परदेशात पीएच.डी.साठी अर्ज करतेय. इंग्लंडमधल्या एका प्राध्यापकांना दोन पानी निवेदन पाठवलं होतं. त्यांचं उत्तर आलं: काम चांगलं वाटतंय, पण 'द प्रोज इज अ ट्रायफल सेस्क्विपिडेलियन'. शब्दकोश उघडला तर पहिलाच अर्थ 'दीड फूट लांबीचा'! मैत्रीण म्हणते, हे कौतुक आहे, असला शब्द कुणी साध्यासुध्या माणसाला वापरत नाही. आजोबांना सांगितलं तर ते हसत सुटले. म्हणाले, "त्यानं तुला दीडशहाणी म्हटलंय, एवढंही कळेना का?" दोन रात्री झोप नाही. हा अपमान समजायचा का? आणि उत्तर काय लिहू? एक मित्र म्हणतो, याहून मोठा शब्द शोध आणि परत मार. निवेदनही सोबत जोडलंय.
– दीडशहाणी

प्रिय दीडशहाणी,

सही तूच तशी केलीस, म्हणून मीही तशीच हाक मारते. आधी झोपून घे. अपमान झालेला नाही. मैत्रीण म्हणते तसं कौतुकही झालेलं नाही. चिमटा काढलाय, तोही हसत हसत.

त्या 'अ ट्रायफल'कडे मात्र नीट बघ. 'जरासं' असं म्हणणारा इंग्रज मनातून 'चांगलंच' म्हणत असतो. आपल्याकडे पाहुणे म्हणतात ना, "आमटी किंचित खारट झालीय, बाकी फर्मास," आणि तेवढ्यात पाण्याचा दुसरा तांब्या मागवतात. तुझ्या प्राध्यापकांनी दुसरा तांब्या मागवलाय.

आता शब्द. उच्चार सेस्क्वि-पि-डे-लियन, जोर 'डे'वर. इंग्रजीत लिहिताना चौदा अक्षरं लागतात. रोजच्या बोलण्यात तो कुणी वापरत नाही. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवूनही वर्गाबाहेर तो माझ्या कानावर पडल्याचं मला आठवत नाही. त्याचे आज तीन अर्थ होतात. एक, शब्दशः दीड फूट लांब, पण या अर्थानं आता कोणी वापरत नाही. दोन, लांबलचक, अनेक अक्षरांचा शब्द. तीन, असे शब्द वापरायची खोड असलेला माणूस किंवा त्याचं लिखाण. तुला लागू झालाय तो तिसरा.

इथे एक बारकावा आहे. हा शब्द शब्दांची लांबी मोजतो, बोलण्याची नाही. तासभर पाल्हाळ लावणाऱ्या माणसाला इंग्रजीत 'व्हर्बोज' म्हणतात. उलट, दिवसभरात तीनच शब्द बोलणारा माणूसही सेस्क्विपिडेलियन असू शकतो, ते तिन्ही शब्द हातभर लांबीचे असले म्हणजे झालं. तुझं निवेदन दोनच पानांचं आहे. म्हणजे तू पाल्हाळीक नाहीस. तेवढी चूक तुझ्या नावावर नाही, ही जमेची बाजू.

तिसरा भाऊबंद शब्द 'बॉम्बॅस्टिक'. त्याचा बॉम्बशी संबंध नाही आणि बॉम्बेशीही नाही. 'बॉम्बॅस्ट' म्हणजे मुळात कापूस. सोळाव्या शतकात इंग्लंडात अंगरखे फुगीर दिसावेत म्हणून अस्तरात कापूस ठासून भरत, त्याला बॉम्बॅस्ट म्हणायचे. त्यावरून आत काही नसलेली फुगीर भाषा ती बॉम्बॅस्टिक. आपल्या काटेसावरीचं शास्त्रीय नाव बॉम्बॅक्स, तेही याच घराण्यातलं. तू कापसाच्या मुलखातली आहेस म्हणून हे सांगितलं. तुझ्या प्राध्यापकांनी हा शब्द वापरला असता तर मात्र मी म्हटलं असतं, होय, आता रागव.

परत आपल्या दीड फुटाकडे. लॅटिनमध्ये हा शब्द पंडितांचा नव्हता, सुतार-गवंड्यांचा होता. रोमन फूट साधारण 29.6 सेंटिमीटरचा. तुझ्या टेबलावर ए-फोर कागद असेल, त्याची लांबी 29.7. म्हणजे एक कागद उभा ठेव आणि त्याला अर्धा जोड, साधारण 44 सेंटिमीटर भरतील. एवढ्या लांबीची भाजलेली वीट रोमन इमारतींत सर्रास लागायची आणि तिचं नावच मुळी 'सेस्क्विपिडालिस', दीडफुटी. ज्युलियस सीझरनं इसवीसनपूर्व 55मध्ये ऱ्हाइन नदीवर दहा दिवसांत लाकडी पूल उभारला. त्याचं वर्णन त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय, आणि त्यात दीड फूट जाडीच्या जोडतुळयांना त्यानं हाच शब्द वापरलाय. तिथे ना गंमत ना टोमणा, सरळ मापाचा शब्द.

टोमणा घातला तो होरेसनं. हा कवी इसवीसनपूर्व 65 ते 8 या काळातला. काव्य कसं लिहावं याबद्दलच्या आपल्या पद्यपत्रात तो दोन राजांची गोष्ट काढतो, टेलेफस आणि पेलेउस. दोघांचं राज्य गेलं, दोघे निर्वासित झाले, अंगावर धड कपडा नाही. नाटकात असा राजा दुःख सांगायला उभा राहतो तेव्हा काय करतो? प्रेक्षकाच्या काळजाला हात घालायचा असेल तर तो 'आपल्या कुप्या आणि दीडफुटी शब्द' फेकून देतो, असं होरेस म्हणतो. कुप्या म्हणजे 'अँपुला', पोटाकडे फुगलेल्या तेलाच्या बाटल्या, आणि इथे मतलब फुगवलेल्या भाषेशी. इंजेक्शनची काचेची 'अँप्युल' असते ना, ती याचीच पणती.

पण खरी मौज आधीच्या एका ओळीत आहे. हा राजा बोलतो ती भाषा कसली? 'पेडेस्ट्रिस', म्हणजे पायी चालणारी. एकीकडे पायी चालणारं बोलणं, दुसरीकडे दीड पाय लांबीचे शब्द. दोन्हींत 'पेद्' म्हणजे पाऊल. कोटी आहे ही, आणि ती इतक्या हळू केलीय की शाळेत शिकताना माझ्या ध्यानातच आली नव्हती. पुढे इंग्रजीनं गंमत अशी केली की 'पेडेस्ट्रियन' म्हणजे रटाळ, कंटाळवाणं असा अर्थ धरला. बिचारी पायी चालणारी भाषा! होरेसनं जिला मान दिला तिलाच बदनामी आली.

बरं, होरेसचं म्हणणं आपल्याला नवीन आहे का? बोट दारात सापडलं की आपण "आई गं" म्हणतो. "मदीय अंगुलीस तीव्र वेदना होत आहेत" असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात आला आणि आला तोच होरेसचा टोमणा पाठीवर घेऊन. विटा आणि तुळया मागेच राहिल्या. एक गोष्ट तुझ्या लक्षात आली असेलच: हा शब्द ज्या खोडीला हसतो तीच खोड त्याच्या अंगात आहे. लांब शब्दांना नावं ठेवायला चौदा अक्षरं! म्हणजे तुझ्या प्राध्यापकांनी तुला हसताना स्वतःलाही हसून घेतलंय. नुसतं हिणवायचं असतं तर 'पॉम्पस' म्हटलं असतं, सात अक्षरांत काम झालं असतं.

आता आजोबांचं. त्यांचं हसणं अगदीच चुकीचं नाही. सेस्क्विपिडेलियनची चिरफाड केली तर तीन तुकडे निघतात: सेमिस म्हणजे अर्धा, क्वे म्हणजे आणि, पेद् म्हणजे पाय. यांतला प्रत्येक तुकडा संस्कृतच्या नात्यातला आहे. सेमिसचा 'सेमी' म्हणजे संस्कृत 'सामि', अर्धा. 'क्वे' म्हणजे आपला 'च', रामश्च लक्ष्मणश्च मधला. 'पेद्' म्हणजे 'पद्'. तिन्ही तुकडे आपल्याच गोतावळ्यातले, मोट तेवढी लॅटिननं बांधली.

'आणि अर्धा' असं म्हणून दीड सांगायची ही रीत म्हणजे आपलं 'साडे'. 'साडे' आला 'सार्ध'वरून, अर्ध्यासहित. लहान मूल घड्याळ शिकताना "साडेएक वाजले" म्हणतं आणि आपण त्याला सुधारतो. रोमन माणसानं सुधारलं नसतं, त्याच्या भाषेत ते बरोबरच होतं. आपलं 'दीड' मात्र वेगळ्या वाटेनं आलं. संस्कृत 'द्व्यर्ध', प्राकृतात 'दिवड्ढ', मग दीड. अर्थ, दुसरा अर्धा. पहिला पुरा, दुसऱ्याचा अर्धा. याच चालीवर 'अर्धतृतीय' म्हणजे तिसरा अर्धा, त्याचं झालं अडीच. आणि आता ऐक. रोमन लोकांचं 'सेस्टर्शियस' नावाचं नाणं होतं. सुरुवातीला त्याची किंमत अडीच 'आस', म्हणजे त्याहून लहान नाणी. नावाचा अर्थ? सेमिस टर्शियस, तिसरा अर्धा. म्हणजे ते नाणं आणि आपली अडीचकी, अडीचचा पाढा, एकाच हिशेबानं बोलतात. हे मला पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी भाजी करपवली होती.

'दीडशहाणा' आणि 'सेस्क्विपिडेलियन' यांत फरक एवढाच, की आपला शब्द माणसाचा शहाणपणा मोजतो आणि त्यात चांगलीच खोच असते. 'दीडशहाणा' म्हटल्यावर समोरचा चहा पिऊन जात नाही. इंग्रजी शब्द भाषेची लांबी मोजून थांबतो. तुझ्या अकलेबद्दल प्राध्यापकांनी काहीच वाईट म्हटलेलं नाही. उलट काम चांगलं वाटतंय असं लिहिलंय, आणि तू मात्र दोन रात्री शेवटचाच शब्द उगाळत बसलीस.

एक सांग, तुला हा शब्द अनोळखी वाटलाच कसा? मृदाशास्त्राच्या पहिल्या वर्षाला 'सेस्क्विऑक्साइड' शिकली नाहीस? लोह आणि अॅल्युमिनियम यांची ती ऑक्साइडं. धातूचे दोन अणू, ऑक्सिजनचे तीन, म्हणजे एका धातूमागे दीड ऑक्सिजन. तोच हा 'सेस्क्वि'. कोकणातला जांभा या सेस्क्विऑक्साइडांनीच तर लालभडक झालेला असतो. त्या जांभ्याला 'लॅटराइट' हे नाव फ्रान्सिस बुकॅनननं 1807मध्ये दिलं, कारण मलबारात लोक तो कापून विटांसारखे चिरे काढतात हे त्यानं पाहिलं होतं. लॅटिनमध्ये 'लाटेर' म्हणजे वीट. आणि रोमन वीट कशी असायची? दीडफुटी. फिरून फिरून आपण भोपळे चौकात!

म्हणून 'लांब शब्द टाक' असा सरसकट सल्ला मी तुला देणार नाही. सेस्क्विऑक्साइडला सेस्क्विऑक्साइडच म्हण. तिथे 'लाल मातीतला तो पदार्थ' असं लिहिलंस तर प्राध्यापक तिसरा तांब्या मागवतील. शास्त्रातला लांब शब्द गवंड्याच्या मापासारखा असतो, त्याच्याशिवाय काम अडतं. प्रश्न आहे तो नुसत्या शोभेला आणलेल्या शब्दांचा.

तुझ्या निवेदनाचं पहिलं वाक्य मी मोठ्यानं वाचलं. 'आय हॅव बीन पर्पेच्युअली एनॅमर्ड ऑफ द मल्टिफेरियस रॅमिफिकेशन्स ऑफ रायझोस्फेरिक फिनॉमेना.' वाचता वाचता मला एकदा थांबून श्वास घ्यावा लागला. यातला 'रायझोस्फेरिक' तुझ्या धंद्याचा, मुळांभोवतालच्या मातीबद्दलचा, तो राहू दे. बाकीचे शब्द भाड्यानं आणल्यासारखे वाटतात. तू खरंच 'पर्पेच्युअली एनॅमर्ड' आहेस का गं? माणूस कुणाच्या प्रेमात असा कायमचा बुडालेला असतो तेव्हा तो हे शब्द वापरत नाही.

आणि दुसऱ्या पानावर, तळाशी, जवळजवळ लाजत लिहिल्यासारखी चार वाक्यं आहेत. तू दहा वर्षांची असताना सोयाबीन निघाल्यावर वडिलांनी हरभरा पेरला. तू एक रोप उपटलंस, मुळांना गाठी दिसल्या, रोग समजून रडत घरी आलीस. वडिलांनी एक गाठ नखानं फोडून दाखवली, आत गुलाबी. म्हणाले, "हे खत आहे, फुकटचं." बाई गं, हे एवढं सोनं हातात असताना तू मल्टिफेरियसच्या मागे कशाला गेलीस? ही चार वाक्यं उचल आणि पहिल्या ओळीत ठेव. त्यानंतर तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, गाठीतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात, आणि तुझा प्रश्न त्या पकडण्यातल्या कुठल्या टप्प्यावर आहे, ते सांग. लेगहिमोग्लोबिन लांबच आहे, असू दे. त्याच्या आधी नखानं फोडलेली गाठ येऊन गेली की तो वाचणाऱ्याला जड जाणार नाही.

हे फक्त माझ्या आवडीनिवडीचं नाही. डॅनियल ओपेनहायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 2006मध्ये नेमका याचा प्रयोग छापला. पदव्युत्तर प्रवेशासाठीची निवेदनं घेतली, काहींत साधे शब्द काढून लांब शब्द घातले आणि लोकांना वाचायला दिली. लांब शब्दांची निवेदनं वाचून लोकांनी लेखकाला कमी हुशार ठरवलं. निबंधाचं शीर्षक मात्र त्यानं मुद्दाम अगडबंब शब्दांत ठेवलं होतं. त्याच वर्षी त्याला साहित्याचं इग नोबेल मिळालं, आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठीचं.

आपल्याकडेही हा वाद जुनाच. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीनं लिहून ठेवलंय की समासांची रेलचेल म्हणजे ओज, आणि ते गद्याचा प्राण. म्हणजे दीडफुटी शब्दांना आपल्या परंपरेत वकीलही मिळाला होता. पण त्यानंच काव्याच्या दोन वाटा सांगितल्या, वैदर्भ आणि गौड. लांब समासांचा सोस तो गौडांचा. सोपी, चटकन उमगणारी ती विदर्भाच्या नावानं ओळखली गेली, आणि दंडीचा कलही तिच्याकडेच. तू विदर्भातली पोर असून गौडी लिहितेस! शाळेत आम्ही रेल्वेच्या सिग्नलला 'अग्निरथगमनागमनसूचकलोहपट्टिका' म्हणून खिदळायचो. ती पाटी आपण हसण्यावारी नेली आणि 'सिग्नल' म्हणत राहिलो. दीडशेव्या वर्षाला मात्र अजून 'शतकोत्तर सुवर्णमहोत्सव' छापतो. इंग्रजीतही तिथे 'सेस्क्विसेंटेनियल', म्हणजे फिट्टंफाट.

मित्राचं ऐकू नकोस. मोठा शब्द परत मारायचा तर साठा भरपूर आहे. 2018मध्ये शशी थरूरांनी ट्विटरवर 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' टाकला तेव्हा अर्धा देश शब्दकोशावर तुटून पडला होता. 29 अक्षरं, अर्थ काय तर एखादी गोष्ट कवडीमोल मानणं. थरूरांना ते शोभतं, कारण लोक तमाशाला जमावेत तसे त्यांच्या पुढच्या शब्दासाठी जमलेले असतात. तुला जागा हवी आहे, टाळ्या नकोत. 'लांब शब्दांची भीती' या अर्थाचा एक शब्द तुला कोणी पाठवील, पाणघोड्यापासून सुरू होऊन आपल्या सेस्क्विपिडेलियनला पोटात घेणारा. तो गमतीनं रचलेला आहे, कुठल्या डॉक्टरानं नाही. वाच, हस, पुढे पाठव, पण प्राध्यापकांना नको.

माझीही एक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी रजेचा अर्ज लिहिला. इंग्रजीची बाई म्हणून दाखवायचं होतं ना! 'सडन इनडिस्पोझिशन', 'कन्स्ट्रेन्ड', 'कॉन्व्हॅलेसन्स', सगळं त्यात होतं. मुख्याध्यापकांनी अर्ज परत पाठवला. खाली लाल शाईनं मराठीत दोन शब्द: 'ताप आहे?' मी 'हो' लिहिलं आणि रजा मंजूर झाली.

प्राध्यापकांना असं लिही: 'थँक यू फॉर रीडिंग इट सो क्लोजली. यू आर राइट. आय हॅव कट द लाँग वर्ड्स, अँड द न्यू ड्राफ्ट इज अटॅच्ड.' बस. क्षमा मागू नकोस, खुलासा देऊ नकोस, 'युवर एस्टीम्ड सेल्फ' तर मुळीच नको. थोडं धाडस असेल तर शेवटी एक ओळ जोड: 'इट इज नाऊ जस्ट अंडर अ फूट.' त्यांना होरेस आठवेल आणि ते हसतील. मात्र ही ओळ टाकायची तर आधीची दोन पानं खरंच सुधारलेली हवीत, नाहीतर तोही पुन्हा दीड फूटच.

आजोबांना माझा नमस्कार सांग. त्यांना दिडकी, अडीचकी येत असणारच, औटकीही येते का विचार. औट म्हणजे साडेतीन, 'अर्धचतुर्थ'वरून आलेला, चौथा अर्धा. वडील मला रोज संध्याकाळी दिव्यापाशी बसवून ती म्हणायला लावायचे. सात औटे साडेचोवीस, इथपर्यंत मला येते. आठापासून पुढचं त्यांच्याकडून लिहून घे आणि पाठव.

– तुझी ताई